डीला धक्का लागत नाही

नंदुरबारजवळच्या कोरीटचे हिंमतराव मास्तर निवृत्तीनंतर करत काय होते, तर बायकोची गाणी उतरवून घेत होते. हसाल, पण खरं आहे. धनुबाई म्हणजे गावची हळदीची गाणारीण. ती आल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. पुढे बाई नावं विसरू लागली, चहात मीठ टाकू लागली, तसे मास्तर घाबरले. रोज सकाळी तिच्याजवळ बसून एकेक गाणं टाइप करायचे. चार वर्षांत तीनशे बारा झाली. आता तिला त्यातलं फारसं आठवतही नव्हतं.

कॉम्प्युटर म्हातारा. विंडोज दहाचे अपडेट बंद झाले, अकरा त्यावर चढेना. मास्तरांनी व्हिडिओ बघून विंडोजच्या जागी टाकायला पेन ड्राइव्हवर फुकटातलं लिनक्स घेतलं. पुतण्या भाग्येश फोनवर म्हणाला, "काका, आधी समदं दुसरीकडे कॉपी करी ल्या."

"माले शिकाडू नको! गाना डीमा शेतस."

आपल्याकडे हा मंत्रच आहे ना! नवीन विंडोज टाकताना सी ड्राइव्ह उडवायची, डीला धक्का लागत नाही. वीस वर्षं प्रत्येक दुरुस्तीवाल्याने हेच सांगितलेलं.

पण लिनक्सला कुठली सी न् कुठली डी! त्याच्या लेखी सगळी मिळून एकच डिस्क. डिस्क पुसू का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मास्तरांनी डिस्क म्हणजे सी धरली आणि हो म्हटलं.

अर्ध्या तासात मशीन भलतं चपळ झालं. मास्तर खूश. मग डी शोधू लागले. डी कुठेच नाही, गाणी कुठेच नाहीत. नंदुरबारच्या एका दुकानदाराने मशीन दोन दिवस ठेवून घेतलं आणि काहीच परत येत नाही म्हणून मान हलवली. अरे देवा! शिकल्यासवरल्या माणसाने आपल्याच हाताने असं करावं?

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वही घेऊन धनुबाईपाशी बसले. धर्मेंद्र त्यांचा मुलगा. बायकोला ते त्याच्या नावानेच हाक मारत.

"धर्मेंद्रनी माय, हळदनं पहिलं गानं सांग ना."

"कोना घर लगीन शे?"

"कोनाच नही. तूच म्हनेल गानं."

"मी?" धनुबाईने लाजून पदर तोंडाला लावला. "माले कोठे गानं येस? गानारीनले बलावा, भाऊ."

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना भाऊ कधी म्हटलं नव्हतं.