रोज पंक्चर होणारी सायकल

बाबा रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, हिसके खात, उभ्या उभ्या त्यांनी तीस वर्षं वळणदार अक्षरात नोंदी लिहिल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर घरातल्या घरात दोनदा त्यांचा तोल गेला, तेव्हा त्यांनी फरशीलाच नावं ठेवली. आईनं मात्र त्यांना फ्रीगंजातल्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी.

डॉक्टरांनी त्यांना पावलं जुळवून, हात सोडून, डोळे मिटायला सांगितलं. एवढंच? मला तर शाळेतली प्रार्थना आठवली. पण बघता बघता बाबा डावीकडे कलले आणि डॉक्टरांना त्यांना सावरावं लागलं. मग एका पायावर उभं केलं, तर तीनपर्यंत मोजूनही झालं नाही. बाबांचा चेहरा उतरला, पण हार मानतील तर ते बाबा कसले.

"डॉक्टर साब, ये फर्श हिलता नहीं है ना," ते म्हणाले, "इसलिए."

डॉक्टर हसले, मीही हसले. आई हसली नाही. तोल असा जातोय आणि रस्त्यावर रोज नव्या नव्या गाड्या येताहेत, तेव्हा सायकल चालवणं आजपासून बंद, असं तिनं घरी येताच सांगून टाकलं. बाहेर जायचं तर काठी घ्यायची, नाहीतर माझा हात धरायचा. काठी म्हातारे घेतात, असं बाबांचं म्हणणं. आणि जिला आपण बोट धरून चालवलं, तिचा हात आपण धरायचा? दोन दिवस ते घुश्शात घरी बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सायकल बाहेर काढली. चालवणार नाही, नुसती हातात धरून नेणार. हँडल घट्ट धरून ते टावर चौकाकडे निघाले आणि मग रोजच निघू लागले. वाटेत कोणीतरी विचारायचंच, "क्या बाबूजी, पंचर?" बाबा "हाँ भाई" म्हणून पुढे जायचे. पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानावरूनच आमचा रस्ता होता, पण त्या भल्या माणसानं त्यांना एकदाही थांबवलं नाही. मी दोन पावलं मागे, भाजीची पिशवी घेऊन. त्यांच्या हट्टाचा राग यायचा आणि त्यांच्यावर मायाही दाटून यायची.

एका संध्याकाळी चौकात मागून टेम्पोनं हॉर्न दिला. बाबा दचकले, हँडल सुटलं, सायकल आडवी झाली. मी धावत जाऊन त्यांचा दंड पकडला. कोणीतरी सायकल उचलून त्यांच्यापुढे धरली. बाबांनी हात पुढे केला नाही.

"तू धर ती," ते मला म्हणाले. "मी तुला धरतो."

तसेच आम्ही हळूहळू घराकडे निघालो. वाटेत एकानं विचारलंच, "क्या दीदी, पंचर?"

"हाँ भाई," मी म्हणाले.