आत्याच्या गावची संगमरवरी बाई

बिडकीनला माहेरी गेले की आत्याचं एकच मागणं असायचं, "मला एकदा ती दगडाची बाई दाखव गं." या दिवाळीत ठरवलं, जायचंच.

ही बाई म्हणजे संगमरवरी पुतळा. खांद्यावर घागर, नजर खाली. आमचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं, त्याआधी तो तिथल्या जमीनदाराच्या बागेत विहिरीपाशी उभा होता. जमीनदाराच्या आजोबांनी मुंबईहून आणलेला म्हणे. स्टेशनपासून पुढं बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून. माझ्या वडिलांना जन्म देऊन आजी गेली, तेव्हा आत्या पाच-सहा वर्षांची. ती रडायला लागली की शेजारच्या बायका तिला बागेपाशी न्यायच्या. "ती बघ तुझी माय. पाणी घेऊन येतीय." आजीचा फोटो एकही नाही. गाव उठलं तेव्हा जमीनदाराच्या घरच्यांनी पुतळा संभाजीनगरच्या एका संग्रहालयाला दिला.

सकाळची एसटी धरली. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळं आत्याला तिकीट नाही, मला अर्धं. पैठण रोडला धूळ फार, तोंडाला बांधायला काहीतरी असू द्या. स्टँडसमोर मी पोहे खाल्ले. आत्यानं चहासुद्धा घेतला नाही. रिक्षात सारखा नव्या लुगड्याचा पदर नीट करत होती.

संग्रहालय लहानसं आहे. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. पुतळा मागच्या दालनात, खिडकीजवळ. पाटीवर इतकंच: 'पाणवठ्यावरची स्त्री. संगमरवर. शिल्पकार अज्ञात.'

आत्या पुढं सरकली तसा पहारेकरी म्हणाला, "अम्मा, हात मत लगाना हां."

"नाय लावत, बाबा."

कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मग गोंधळून माझ्याकडं वळली.

"हीच हाय का?"

"हीच, आत्या."

"तवा केवढी मोठी दिसायची! ही तर पोर हाय गं. आपल्या पिंकीएवढी."

पिंकी म्हणजे तिची नात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

"तू लहान होतीस ना तेव्हा."

"व्हय." ती थांबली. "पन माय बी एवढीच असंल की मंग. वीस-एकवीसची."

तोंडाला पदर लावून ती रडली. पहारेकऱ्यानं काही न विचारता आपली खुर्ची आणून दिली. मी चाळिशीला टेकलेली. जिला जन्मभर आजी म्हणत आले, ती माझ्या निम्म्या वयाची होती, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मला पुण्याला घरी येऊन महिना झाला. आत्या फोनवर अजून आईचा विषय काढते, पण सूर बदललाय. पूर्वी म्हणायची, "माय मला टाकून गेली." परवा म्हणाली, "लई लहान व्हतं गं लेकरू. तिलाच कुनीतरी सांभाळायला पायजे व्हतं."