शिष्टर, पट्टा काय म्हणतो?

आमच्या आरोग्य केंद्रात गोळ्या संपतात, सुया संपतात, उन्हाळ्यात नळाचं पाणीसुद्धा संपतं. किस्से तेवढे संपत नाहीत. कुणी जमवत नाही, तरी साचत जातात. त्यातही एका वर्षाचे जरा जास्तच साचलेत, कारण त्या वर्षी आमच्या गावाच्या मनगटाला पट्टे आले.

मी भोकरदन तालुक्यातल्या एका गावात आरोग्यसेविका आहे. मला नावानं कुणी हाक मारत नाही, मी सगळ्यांची "शिष्टर". करोनाची भीती अजून पुरती गेली नव्हती, त्यात तापाची साथ आली. तेव्हा एका संस्थेनं प्रयोग म्हणून चाळीस पट्टे दिले. काळे, रबरी, घड्याळासारखे. पट्टा ताप मोजणार, नाडीचे ठोके मोजणार, पावलं मोजणार आणि कोण कुणाजवळ किती वेळ बसलं तेही टिपणार. सगळं आमच्या डॉक्टर मॅडमच्या मोबाइलवर दिसणार. काही बिघडलं की नाव लाल! एकाला ताप आला की त्याच्याजवळ बसलेले लगेच सापडणार आणि साथ तिथंच थांबणार.

मॅडम तरुण, उत्साही. मी मात्र ट्रेनिंगला दोनदा बसले आणि दोन्ही वेळेला काहीही न कळता उठले.

पहिला पट्टा कडूबा आप्पांना बांधला. आप्पांनी हात उलटासुलटा करून बघितला.

"शिष्टर, किती वाजले ह्याच्यात?"

"आप्पा, ह्यात वेळ दिसत नाही."

"मंग काय दिसतं?"

"तुम्हाला काहीच नाही. मॅडमला दिसतं."

आप्पांनी पट्टा बोटानं टोकरून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे शेत माझं अन् उतारा तलाठ्याकडं! आता कळलं."

मला तोवर कळलं नव्हतं. आप्पांमुळं कळलं!

*

गावात सगळ्यात जास्त कोण चालतं, ते मॅडमनी पहिल्या आठवड्यात मोबाइलवर बघितलं. सदाशिवराव रोज सकाळी पांढरे बूट घालून फाट्यापर्यंत फिरायला जायचे, त्यामुळं त्यांचाच नंबर लागणार असं सगळे धरून होते. नंबर लागला त्यांच्या बायकोचा!

चंद्रकलाबाई दिवसभर चुलीपुढून हलल्या नव्हत्या. घरात पाहुणे होते आणि बाई सकाळपासून भाकरी थापत होत्या. हात हलला की पट्टा पाऊल मोजतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सदाशिवराव तणतणले, "ही बसल्या जागी, अन् नऊ हजार पावलं?"

चंद्रकलाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि मोबाइलमध्ये डोकावून बघितलं.

"शिष्टर, लगीन झाल्यापसून थापून राह्यले. मंग आतापोस्तोर मी कुठं पोचले असंल हो?"

*

एप्रिलच्या एका दुपारी मॅडमच्या मोबाइलवर एकदम चौदा नावं लाल झाली. एकाच गल्लीतली! ताप कुणाला एकशे दहा, कुणाला एकशे बारा. एवढ्या तापात माणूस जिवंत राहतो का, ते मॅडम पुस्तकात शोधायला लागल्या. पुस्तकात एवढा ताप नव्हताच.

मास्क, हातमोजे, सलाइन, सगळं गाडीत टाकून आम्ही निघालो.  ही नवीनच साथ असली तर सुरुवात आपल्या गावातून, हे मॅडमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

गल्लीत बायका लिंबाखाली बसून मिरच्या निवडत होत्या. दुसऱ्या दिवशी माल पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला जायचा होता. कुणी शिंकतसुद्धा नव्हतं. समोरच्या भिंतीवर, भर उन्हात, चौदा पट्टे ओळीनं मांडलेले!

आमची आशाताई संगीता पुढं आली. "मॅडम, तुम्हीच म्हणल्या ना पट्टे साफ ठेवा म्हणून? मंग मी समद्यांचे एकदम धुऊन टाकले. सुकून राह्यलेत."

मॅडम तशाच, मास्क घालून, खाली बसल्या. घामाच्या धारा, चेहरा लालभडक. एक म्हातारी मिरची सोडून त्यांच्याकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, "अवो शिष्टर, ताप तर ह्या पोरीलाच दिसून राह्यला. हिला न्हाई का दिला पट्टा?"

*

साळवे काका पोस्टातून निवृत्त झालेले. रोज सकाळी सातला विहारात ध्यानाला बसायचे. बसले की थोड्या वेळात त्यांचं नाव लाल. ठोके सेहेचाळीस!

मॅडम संगीताला फोन करायच्या, संगीता पळत विहारात जायची आणि काकांना गदागदा हलवायची. काका डोळे उघडायचे, ठोके ऐंशीवर जायचे, संगीता "वाचले!" म्हणून फोन करायची. असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी काका स्वतःच केंद्रात आले. "मॅडम, पोस्टात होतो तवापसून मन शांत करायची खटपट करून राह्यलो. आता कुठं जमलं, तर तुम्ही माणूस पाठवून उठवता!"

मॅडम ओशाळल्या. ठोके कमी होण्याचं कारण मोबाइलमध्ये भरायचं होतं. त्या म्हणाल्या, "समाधान भरू का?"

भरलं असतं, पण यादीत समाधान नव्हतं! शेवटी 'इतर'वर टिक केली.

*

एकदा मात्र पट्ट्यानं खरंच काम केलं, आणि तेव्हाच आमची सगळ्यात जास्त पंचाईत झाली.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींना खराखुरा ताप आला. मॅडमनी घरी जाऊन त्यांच्या संपर्काची यादी उघडली आणि मोठ्यानं वाचली. "रोज चार ते साडेपाच, कडूबा आप्पा."

 ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीपासून ह्या दोन घरांचं बोलणं बंद होतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा जात नव्हत्या.

गुरुजींच्या बायको कडाडल्या, "आग लावा त्या यंत्राला! आमचा माणूस त्याचं तोंडबी बघत न्हाई!"

गुरुजी छताकडं बघत होते.

आप्पांकडं गेलो. "मी? त्याच्या सावलीला उभा ऱ्हात न्हाई!" आप्पा ओरडले. मला वाटलं, चुकला असेल पट्टा. भिंतीवर वाळत घातला की ताप दाखवणारं यंत्र, त्याचं काय धरायचं!

दुसऱ्या दिवशी आप्पांचंही नाव लाल झालं. दोघांनाही केंद्रात आणून शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. खोलीत मी एकटी आहे हे बघून आप्पा हळूच म्हणाले, "शिष्टर, पाण्याच्या टाकीच्या मागं बसतो आम्ही. निशाळेत पाटी घेऊन जायचो तवापसून. बोलणं बंद घरच्यांचं हाय, आमचं कधी व्हतं?"

"मग घरी सांगून टाका ना!"

गुरुजी तापातसुद्धा उठून बसले. "सांगितलं तर दोन्हीकडचे समेट करायला येऊन बसतील. मंग आम्ही बोलायचं कधी?"

मी रजिस्टरात दोघांच्याही संपर्काच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. मॅडमनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

*

पुढं संस्थेनं एक सोय केली. घरातल्या एका माणसाच्या मोबाइलवरही ठोके दिसायला लागले.

तात्या म्हणून एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ होते. पाय गेलेले, भिंतीला धरून कशीबशी दोनशे पावलं व्हायची. त्यांचे ठोके त्यांची लेक मंदा बघायची. ती घनसावंगीला शाळेत शिक्षिका. वर्गातून बाहेर येऊन मला फोन करायची, "शिष्टर, तात्याचे नव्वद दाखवतंय, काय झालं?" मी जाऊन बघायचे. तात्या चहा पीत असायचे.

एका सकाळी तात्या गेले. मॅडमनी तपासून सांगितलं. मुलगा प्रकाश, त्यानं बहिणीला फोन केला. खरं सांगायचा धीर झाला नाही. "जल्दी ये, तात्याची तब्येत बराबर न्हाई," एवढंच म्हणाला. मॅडम आणि मी घरच्यांना आधार म्हणून तिथंच थांबलो, पण तयारीच्या गडबडीत पट्टा काढायचं कुणालाच सुचलं नाही.

मंदा बस करून, जीप करून, चार तासांनी पोचली. मोबाइल हातातच. अंगणातली माणसं बाजूला सारत आत आली.

"रडून काय राह्यले तुम्ही? आत्ता बघितलं मी. अठ्ठ्याहत्तर हायेत!"

रडणं थांबलं. प्रकाशनं मोबाइल बघितला. अठ्ठ्याहत्तर! त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. मग परत एकदा लावला.  मी नाडी धरली. काही नव्हतं. शेजारी पट्ट्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मॅडमनी पट्टा सोडला आणि तिथंच ठेवलेल्या नारळाभोवती गुंडाळला. सगळे मोबाइलवर वाकले. चौऱ्याहत्तर.

मंदा बराच वेळ नारळाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"शिष्टर, मंग जीपमधी आकडा बघून, 'तात्या, आलेच' म्हणून मी कोणाला धीर देऊन राह्यले व्हते?"

 मी तिला जवळ घेतलं.

तेराव्यानंतर ती पट्टा मागायला आली. नियमानं तो संस्थेला परत द्यायचा होता. मी दिला, तिनं तिथंच आपल्या मनगटाला बांधला. मॅडम समोरच होत्या, त्यांनी मोबाइलमधलं नाव बदललं नाही.

दोनेक महिन्यांनी संस्थेच्या साहेबांचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमच्याकडचे ते तात्या! आधी दोनशे पावलं चालत होते, आता रोज आठ हजार. एवढी सुधारणा आमच्या कुठल्याच गावात नाही. नेमकं काय केलं तुम्ही?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"काही नाही सर," मॅडम म्हणाल्या, "लेकीकडं राहायला गेलेत."