कुल्फीबाईंची कुपी

प्रयोगशाळेत काम करताना कुल्फीबाई कधी हाताकडे बघत नसत. बर्फ आणि मिठाच्या घमेल्यात गोल बुडाचा काचेचा चंबू कुल्फीवाल्यासारखा फिरवत राहायच्या, नजर खिडकीबाहेर. आतला द्रव काचेला पातळ थराने गोठला की आवाज बदलतो, असं त्या म्हणत. आम्हा सहकाऱ्यांना तो कधी ऐकू आला नाही. कुल्फीबाई हे नाव मात्र आम्हीच ठेवलं होतं.

पंपाने चंबूतली हवा ओढली की आतल्या बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि मागे कोरडी भुकटी उरते. हवा ओढताना चंबू फुटून काचा उडू नयेत म्हणून बाईंनी प्रत्येक चंबूला जुन्या लुगड्याचं झबलं शिवलं होतं. आमचे डॉक्टरसाहेब विचारत, "बाई, इसका नाम क्या रखे?"

"अभी बारसा नै हुआ, साब."

पोलिस अ‍ॅक्शनच्या आधी हैदराबादेतली बरीच मराठी घरं पुण्या-सोलापूरकडे निघाली. बाईंचे पतीही मुलांना घेऊन पुण्याला गेले. बाई मागे राहिल्या त्या कॉलऱ्याच्या लशीच्या विरजणासाठी. ज्या जंतूंपासून लस करायची, त्यांना त्या विरजण म्हणत. या जंतूंना वरचेवर खाऊ घालावं लागतं. माणसंच निघून गेली तर कोण घालणार? बाईंनी ते वाळवून एका कुपीत भरलं आणि ज्योतीवर कुपीची मान वितळवून बंद केली. "वाळवूनही जिवंत राहिलेत अशी खात्री झाली की येते," असं पतीला कळवलं.

खात्रीचा मार्ग एकच होता: कुपी फोडणं.

"फोडके देखो ना, बाई. जिंदा है की नै?"

"नक्को साब. फोड्या की गई. एकीच है."

संस्थान विलीन झालं. पती न्यायला आले.

"मग, झाली खात्री?"

"अजून नाही हो."

ते एकटेच परतले. पुण्यात बाईंना प्रयोगशाळा मिळणार नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. बाई कुपी सांभाळताहेत की कुपी बाईंना, असा प्रश्न आम्हाला पडू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलरा आला आणि नेमकं रोजच्या वापरातलं विरजण बिघडलं. डॉक्टरसाहेबांनी सांगायची वाट बाईंनी पाहिली नाही. कुपीची मान त्यांनी स्वतःच मोडली आणि भुकटी काचेच्या बशीतल्या खाऊवर पेरली.

दुसऱ्या दिवशी बशीवर जंतूंचे दाणे उठले होते. डॉक्टरसाहेब ओरडलेच, "मुबारक, बाई! जिंदा है!"

बाई भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या. "है, साब," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पुण्याला सकाळची गाडी बरी पडते, की संध्याकाळची?"