करायच्या आधी सांगायचं

लोणीच्या गोरखनं चोरी केली ती परक्या घरी नव्हे, भावकीतच. चुलती चिमाबाई एकटी बाई. तिच्या विहिरीवरच्या मोटरची केबल त्यानं कापली, वरचं प्लास्टिक जाळून तांबं भंगारात घातलं आणि आलं ते सगळं दारूत घालवलं. ऐन भरातला तिचा कांदा पाण्यावाचून वाळला. पकडला गेल्यावर आणखी बऱ्याच विहिरी त्याच्या नावावर निघाल्या. तुरुंग झाला, मग बायकोनं, हर्षालीनं, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. परत आला तेव्हा गावच्या फाट्यावर न उतरता पुढं उतरला आणि रानातल्या आडवाटेनं घरी गेला.

त्यानंतर तो दारूला शिवला नाही. पण गावही त्याला शिवलं नाही. तो पारापाशी आला की बोलणी बंद व्हायची. कुणाची मोटर बंद पडली, की माना त्याच्या घराकडं वळायच्या.

उन्हाळ्यात भिमाजीच्या मळ्यात कांदा भरायचं काम मिळालं. दुपारी सगळे जेवायला गेले. गोरख पाणी प्यायला विहिरीवर गेला, तर तिथं कोऱ्या केबलचं वेटोळं पडलेलं.

केबल दिसली आणि जिभेवर दारूची चव आली. त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण डोळे ऐकेनात. पोतं कुठं आहे, आसपास कुणी आहे का, सगळं आपसूक हेरून झालं. हात वेटोळ्यावर गेला.

केंद्रातले सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे, 'केल्यावर रडू नका. करायच्या आधी कुणाला तरी सांगा.' त्यानं हर्षालीला फोन लावला, ती उचलेना. सरांचा लागेना. हाकेच्या अंतरावर एकच घर होतं, चिमाबाईचं.

ती पडवीत विळ्यानं कांद्याची वाळली पात काटत बसली होती. तिनं मान वर केली, त्याला ओळखलं आणि विळा चालूच ठेवला.

गोरख पडवीच्या बाहेरच उकिडवा बसला. "काकी, भिमाजीअण्णाच्या हिरीवर केबल पडलीया. माझा हात गेला व्हता तिच्यावर."

विळा थांबला. "मग हितं कशाला आलास? माझी न्यायची ऱ्हायली का काय?"

उठून पळावं असं त्याला वाटलं. पण पळालो तर पाय कुठं नेतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"एकटा ऱ्हायलो तर पिईन. काय बी बोल, पर बसू दे."

चिमाबाई बोलली. "त्या साली हंड्यानं पाणी घातलं मी कांद्याला. हंड्यानं वाफा भिजतोय व्हय? शेवटी मेंढरं घातली त्यात. तू एकदा तरी इचारलंस?"

त्यानं विचारलं नव्हतं. हनुवटी छातीला टेकली. तिनं एक विळा त्याच्याकडं सरकवला.

"बसायचं तर हात चालव. पर माफ केलं आसं समजू नगंस."

"न्हाई समजत."

दोघं कांदे काटत राहिली. तिसऱ्या प्रहराला भिमाजी त्याला हुडकत आला. "गोरख, काम टाकून हितं काय करतोस?"

गोरखनं चिमाबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघतोस? तुझ्या तोंडानं सांग."

त्यानं सांगितलं. शब्द गिळत, पण सगळं. भिमाजी विहिरीवर गेला, वेटोळं खांद्यावर टाकलं आणि घरात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कामाला बोलावलं नाही.

काम का गेलं, हे हर्षालीलाही त्यानंच सांगितलं. तिनं त्याच्याकडं न बघता ताट वाढलं. 

आता तो नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरतो. दारू सुटलेली आहे. फार ओढ लागली तर चिमाबाईच्या पडवीत जाऊन बसतो. ती 'ये' म्हणत नाही, 'जा' म्हणत नाही. कामावर जाता-येता जीपमध्ये भावकीतलं कुणी शेजारी बसलं, तर मात्र अजून तो तोंड बाहेरच्या बाजूला वळवतो.