गरम बॉनेट

मॅनस बॉनरइतका सरळ माणूस आमच्या ग्लेन्टीज गावात दुसरा नाही, आणि इतका हट्टीही नाही. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला आणि उरलेला सगळा जीव एका जुन्या टोयोटा कोरोलात घातला. इंजिन स्वतः उघडून बांधलं, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली, क्लच शर्यतीच्या गाडीचा घातला. तोच क्लच शेवटी मुळावर आला. दाबायला बैलाचं बळ लागतं आणि मॅनसचा डावा गुडघा पार झिजलाय. गाडी विक म्हटलं, की वर्षभर सांगत होता, "बघू पुढच्या महिन्यात." त्या वर्षभरात मी त्याला कंटाळलो आणि तो स्वतःला.

शेवटी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या पानावर जाहिरात टाकली. फोन खूप आले, पण बहुतेक खाटकांचे. ही गाडी अख्खी विकण्यापेक्षा सुटी करून विकली तर जास्त पैसे मिळतात, हे आयर्लंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मॅनसला ती अख्खी राहायला हवी होती, बाकी काही नको. तसा शब्द द्यायला एकच जण तयार होता, क्लबमधला यूनन गॅलन. तिशीतला, काटेकोर माणूस. तो नाही म्हणाला असता तर उरले होते ते खाटीकच.

शनिवारी दुपारी यूननचा भाऊ त्याला मॅनसच्या फाटकाशी सोडून गेला. मीही होतो. मॅनसच्या बायकोने, नोराने, मला बोलावून घेतलं होतं. "तू असलास की तो कमी भांडतो," म्हणाली.

यूननने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर तळवा ठेवला. ठेवला तो ठेवलाच. बॉनेट गरम होतं. गिऱ्हाईक यायच्या दिवशी इंजिन चालू करायचं नाही, ही आमच्यातली रीत. थंड इंजिन सुरू होताना पोटातलं सगळं बोलून दाखवतं. आधीच गरम करून ठेवणारा काहीतरी लपवतोय, असंच धरतात.

"सकाळी चालवली का?" यूननने विचारलं.

"छे," मॅनस म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याला खोटं बोलताना मी प्रथमच ऐकलं, आणि तेही त्याला जमलं नाही. "मॅनस," मी म्हणालो, "मग काय उन्हाने तापली? इथे?"

त्याने गुडघा चोळला. मग म्हणाला, "समुद्रापर्यंत गेलो होतो. आत्ताच आलो. शेवटची फेरी." गुडघा इतका सुजला होता की पँट तिथे ताणली गेली होती.

"सगळे असंच काहीतरी सांगतात," यूनन म्हणाला. "तुमच्यावर अविश्वास नाही, मॅनस. पण भावाला बोलावतो, निघतो मी."

"निघतोस कुठे? बस. गार होऊ दे, मग तूच चालू कर."

बसलो. नोराने हॅमचे सँडविच केले, चहावर चहा झाला. यूनन मधूनमधून बाहेर जाऊन बॉनेटला हात लावून यायचा, तापकऱ्याचं कपाळ बघावं तसा. मॅनस पाय स्टुलावर टाकून डोळे मिटून पडला होता. झोपलेला नव्हता.

"मूर्ख आहेस," नोरा त्याला म्हणाली. "चावी माझ्याकडे दे म्हटलं होतं."

"हो," तो म्हणाला.

एवढ्यावर भांडण संपलं. एरवी त्याने अर्धी दुपार वाद घातला असता. मला त्याची दया आली, आणि तितकाच रागही.

दिवस कलल्यावर यूनन गाडीत बसला आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ना खडखड, ना धूर. तो बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला, मग उतरला आणि मॅनससमोर हात पुढे केला. "माफ करा. अख्खी राहील, शब्द देतो."

मॅनसने हात मिळवला. उरलेला व्यवहार स्वयंपाकघरातल्या टेबलावर उरकला आणि गाडी फाटकाबाहेर पडून वळणाआड गेली. आवाज मात्र टेकडीपलीकडे जाईपर्यंत येत राहिला.

"सुटलास बाबा," मी म्हणालो. "मला वाटलं, मोडला सौदा."

"मलाही वाटलं होतं." तो गुडघा धरून हळूच पायरीवर बसला. "सुरू होताना एकदा तरी खोकायचं होतं गाडीने. मला वाटलं, माझी बाजू घेईल."