आणखी एक पेला

सातपाटीहून मासे विकायला येणाऱ्या त्या मावशीचं नाव नोंदवहीत मीच लिहिलं होतं. इथे लिहायचं धाडस होत नाही. ऐंशीच्या दशकात मी बोईसरला एका लहानशा प्रयोगशाळेत रक्त तपासायचो. ती दारात टोपली उतरवी आणि बसण्याआधी पाणी मागे.

"भाऊ, घसा सुकलाय."

"कालच माठ रिकामा केलास की, मावशी!"

"मंग भर ना. माजं बोंबील खाताना बरा गप असतोस!"

हसता हसता ती कंबर दाबून धरी. शेवटी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. कॅल्शियम फार वाढलेलं निघालं. मी घाबरलो, पण तिच्यासाठी नव्हे. शुद्ध पाणी संपलं म्हणून मी नळ्या बोअरच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्यातल्या क्षारांनीच आकडा चढला, असं मी धरून चाललो. पुन्हा तपासायचं तर मालकांना सांगावं लागलं असतं. मी निरोगी माणसाचा असतो तो आकडा लिहिला.

कॅन्सरच्या पेशी हाडांतलं कॅल्शियम रक्तात सोडतात, त्याच्याच इशाऱ्यावर आणखी वाढतात आणि माणसाला सतत तहान लागते, हे ती त्याच आजाराने गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं.

मी आकडा लिहिला त्या दिवशी तिने तपासणीचा कागद दोन्ही हातांनी घेतला.

"वायट काय नाय ना, भाऊ? खरं सांग."

"काही नाही, मावशी."

तिने डोळे मिटून हात जोडले, पेला एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. मी तो भरून दिला.